नांदवायला न नेणाऱ्या नवऱ्याशी झालेले लग्न रद्दबातल का ठरू नये?

धागाकर्ती, परभणी :
आमच्या शेजारच्या गावातील एक मुलगी लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला माहेरी आली. तिला न्यायला सासरहून पुन्हा कोणीही आले नाही, याला आता तीन वर्षे झाली. जिथे संसारच झाला नाही, तिथे घटस्फोट कसला? असे लग्न न्यायालयाने मुळातच रद्दबातल ठरवावे, म्हणजे पुढचे स्थळ पाहताना तिच्यावर ‘घटस्फोटित’ असा शिक्का राहणार नाही.

वकील, लातूर :
भावना समजते, मागणी पटत नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ११ व १२ नुसार लग्न रद्द होते ते लग्नाच्या वेळीच असलेल्या दोषामुळे : पहिली पत्नी हयात असणे, नपुंसकत्वामुळे शरीरसंबंध न होणे, बळजबरीने किंवा फसवून संमती घेणे, इत्यादी. टाकून देणे हे नंतरचे वर्तन असून, १९७६ च्या दुरुस्तीपासून ते घटस्फोटाचे कारण आहे. अर्जापूर्वी सलग दोन वर्षांचा परित्याग मात्र सिद्ध करावा लागतो. केवळ दूर राहणे पुरत नाही, सहवास कायमचा संपवण्याचा हेतू लागतो. म्हणूनच बायकोला गावी ठेवून कारखान्याच्या हंगामाला गेलेला नवरा तिला टाकून गेला, असे होत नाही.

धागाकर्ती :
इथे फसवणूकच आहे. मुलगा लग्नाआधीपासून पुण्यात दुसऱ्या बाईबरोबर राहत होता आणि ते लपवले गेले.

वकील, लातूर :
मग कलम १२ चा विचार होऊ शकला असता, पण फसवणूक कळल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो. तुमच्याकडे ती केव्हा कळली?

धागाकर्ती :
पहिल्या दिवाळीलाच. त्यानंतर दोन्हीकडच्या पाहुण्यांच्या बैठका चालू होत्या. ‘पोराला समज देतो, पाडव्यापर्यंत थांबा’ असे म्हणत वर्ष निघून गेले. समेटासाठी थांबणाऱ्यालाच ही मुदत शिक्षा करते, हा माझा खरा आक्षेप आहे.

शिक्षिका, जालना :
मला धागाकर्तीचे म्हणणे पटते. विशेष विवाह कायदा, १९५४ मध्ये जोडीदाराने जाणूनबुजून शरीरसंबंध नाकारला, तरी लग्न रद्द करून मागता येते. नोंदणी पद्धतीने लग्न केलेल्या मुलीला मिळणारा हा मार्ग मांडवात लग्न लागलेल्या मुलीला का नसावा? रद्द झाले की खावटी बुडते, ही भीतीही आता राहिलेली नाही, कारण लग्न शून्य ठरले तरी कायम पोटगी मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे.

वकील, लातूर :
तो नियम शरीरसंबंध नाकारण्याविषयी आहे, टाकून देण्याविषयी नाही. शिवाय मुदत सैल केली, तर उद्या दहा वर्षे नांदवून बायको नकोशी झालेला नवराच ‘मला फसवले होते’ म्हणत येईल.

निवृत्त ग्रामसेवक, बीड :
आमच्याकडे बाँडपेपरवर सोडचिठ्ठी लिहून दोन्ही बाजू मोकळ्या होतात. कोर्टाच्या तारखा कशाला?

वकील, लातूर :
समाजात तशी जुनी, अखंड रूढी आहे हे पुराव्याने सिद्ध झाले तरच ती सोडचिठ्ठी टिकते. नाहीतर मुलीचे दुसरे लग्नच शून्य ठरेल, आणि ते बैठकीतले पाहुणे साक्षीला येणार नाहीत.