नोकरी, तान्हं मूल आणि आईबाबांची तब्येत

पुण्यातल्या नोकरदार आईबाबांना कामानिमित्त रोज भेटणाऱ्या मंडळींनी इथे लिहावं. 'तब्येत सांभाळा' असं मोघम नको. काय दुखतं, का दुखतं आणि उद्यापासून काय बदलायचं, ते सांगा.

स्तनपान सल्लागार, कोथरूड

रजा संपली की पहिल्याच आठवड्यात छाती भरून दगडासारखी होते. सकाळी आठला हिंजवडीची बस पकडून सातला परतायचं म्हणजे अकरा तास. तीन-तीन तासांनी पिणाऱ्या बाळाचं दूध तेवढा वेळ साचलं की गाठ, मग लाली, मग थंडी वाजून ताप. ऑफिसात दर तीन-साडेतीन तासांनी पंधरा-वीस मिनिटं दूध काढायचंच. मीटिंगपायी एक वेळ चुकवली की दुखणं तिथूनच सुरू होतं. गाठ आलीच तर थंड शेक द्या. जोरात चोळू नका, सूज वाढते. पाजणं थांबवू नका. चोवीस तासांत उतार पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा.

काढलेलं दूध २५ अंशांपर्यंत ४ तास टिकतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा तो हिशेब विसरा, लगेच फ्रीजमध्ये ठेवा. तिथे ४ दिवस चालतं, पण आतल्या बाजूला, दारात नाही. एका पिशवीत एका वेळेपुरतंच, ६० ते १०० मिली भरा. बाळाने तोंड लावलेलं दूध २ तासांनंतर टाकावं लागतं, आणि ते ओतून देताना आईचा जीव तुटतो. कोमट पाण्यात पिशवी बुडवून गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही. गुरुवारी लाइट गेली तर फ्रीज उघडू नका. बंद फ्रीज साधारण ४ तास थंडावा धरतो.

फिजिओथेरपिस्ट, चिंचवड

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला कळ येते का? अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे हळूच वाकवा. तिथेच चमक आली तर बहुधा अंगठ्याच्या स्नायूबंधाचं आवरण सुजलंय. अंगठे ताठ फाकवून बाळाला काखेतून उचलल्याने हे होतं, आणि दिवसभर माउस-मोबाइल चालू असल्याने बरं व्हायला फुरसत मिळत नाही. बाबांनाही होतं. एक तळवा बाळाच्या ढुंगणाखाली, दुसरा पाठीमागे, असं उचला. साधा मनगटाचा पट्टा बांधून उपयोग नाही, कारण अंगठा मोकळाच राहतो. अंगठाही धरून ठेवणारा स्प्लिंट घ्या.

एचआर, खराडी

स्तनपानाच्या प्रतिसादाला जोड. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज कामाच्या वेळेत दोन जादा मधल्या सुट्या हा कायद्याने हक्क आहे. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय आणि तिथे दिवसातून चार फेऱ्याही. तोंडी मागू नका. तारीख आणि वेळा लिहून ईमेल करा, म्हणजे मॅनेजर बदलला तरी नोंद राहते. खाजगी नोकरीत बाबांना कायद्याची पितृत्व रजा नाही. म्हणून हक्काची सगळी रजा बाळंतपणातच उडवू नका, आई कामावर रुजू होते त्या आठवड्यासाठी पाच दिवस राखून ठेवा. खरी धांदल तेव्हा उडते.

फॅमिली डॉक्टर, हडपसर

'झोप नाही म्हणून थकवा' असं म्हणून सोडू नका. हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून घ्या. बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉइड बिघडू शकतो. बाईचं हिमोग्लोबिन १२च्या खाली असेल तर लोहाची गोळी लागते. ती चहासोबत घेतली तर अंगी कमी लागते. लिंबूपाण्याबरोबर घ्या, कॅल्शियमची गोळी दोन तासांच्या अंतराने.

रात्री बाळासाठी उठावं लागत असेल तर रात्र दोघांत वाटून घ्या. प्रत्येकाला सलग चार-पाच तास मिळायला हवेत. तुकड्यातुकड्यांची आठ तास झोप तेवढी भरून काढत नाही. शेवटची कॉफी झोपेच्या किमान सहा तास आधी.

दोन आठवड्यांहून जास्त रडू येतंय, बाळ झोपलं तरी झोप लागत नाही, बाळाजवळ जावंसं वाटत नाही, तर पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. बाबांनीही लावावा.