वढवाण्याचे पक्षी फार लांब, ७०-३०० पुरत नाही, काय घेऊ?

मांडवीवाली
नमस्कार मंडळी, माझ्याकडे निकॉन डी५६०० (डीएसएलआर, म्हणजे आरशाचा कॅमेरा) आहे आणि त्यावर ७०-३०० एमएमची एएफ-पी झूम लेन्स. आमच्या बडोद्याच्या कमाटीबागेत धनेश, खंड्या, पोपट वगैरे बऱ्यापैकी येतात त्यात. पण हिवाळ्यात आम्ही वढवाण्याला, डभोईजवळच्या तलावावर जातो तिथे सगळी मंडळी पार मधोमध पाण्यात बसलेली असतात, पट्टकदंबांचे (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस) थवेच्या थवे डोळ्याला दिसतात आणि घरी येऊन फोटो बघावेत तर नुसते राखाडी ठिपके. बजेट ७५-८० हजार, त्यापुढे ताणणं कठीण कारण घराचं रंगकाम काढलंय. डोक्यात तीन गोष्टी आहेत, सेकंडहँडमध्ये सिग्माची १५०-६०० लेन्स, नाहीतर निकॉनचा तो भलामोठा झूमवाला पी१०००, नाहीतर आहे ते सगळं विकून कॅननचा छोटा मिररलेस (बिनआरशाचा कॅमेरा) आणि त्याची आरएफ १००-४०० लेन्स. बाबा बरोबर असतात, वय ६८, त्यांनाही मधूनमधून कॅमेरा हातात हवा असतो त्यामुळे वजनाचंही बघायचंय. ट्रायपॉड घेऊन बांधावरून चालायचा मला जाम कंटाळा. आणि फोटो प्रिंट करून भिंतीवर लावायचेत, नुसते व्हॉट्सअपला टाकायचे नाहीत.

कवड्या_खंड्या
आधी हिशोब करू मग खरेदी. पट्टकदंब साधारण ७५ सेंमी लांब. तो १५० मीटरवर असेल तर ३०० एमएमने सेन्सरवर त्याची लांबी येते दीड मिलिमीटर, म्हणजे तुझ्या २४ मेगापिक्सेलच्या फोटोत आडवे जेमतेम ३८० पिक्सेल. ६०० एमएमने दुप्पट, साडेसातशेच्या आसपास. चांगल्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल धरतात, म्हणजे ६०० एमएमलासुद्धा तुझा पक्षी कागदावर अडीच इंच. ए४ वर थवा, पाणी, मागचं गवत असा फोटो मस्त दिसेल, पण एकट्या पक्ष्याचं डोळ्यात चमक वगैरे असलेलं पोर्ट्रेट १५० मीटरवरून ८० हजारात कोणी देणार नाही, आठ लाखवाल्यालाही पुढे सरकावंच लागतं. हे एकदा मनाला पटलं की बाकीचं सोपं आहे. माझं मत सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी. टॅमरॉनची जी२ मिळाली तरी चालेल, दोन्ही दोन किलोच्या आसपास, दोघींत मोटर आहे म्हणून डी५६०० वर ऑटोफोकस चालतो (या बॉडीत स्वतःची मोटर नाही, जुनी एएफ-डी टेलिफोटो स्वस्तात दिसली तर फसू नकोस). माउंट (लेन्स बॉडीला बसते ती खाच) निकॉन एफचाच आहे ना ते तेवढं बघ, ऑनलाईन जाहिरातीत लोक कॅननवालीचे फोटो टाकून निकॉन लिहितात.

गच्चीवरून_घारी
मी पी१००० वापरतो आणि इथे कोणीतरी त्याला खेळणं म्हणणारच म्हणून आधीच लिहितो. त्याचा ३००० एमएम हा आकडा फुल फ्रेमच्या, म्हणजे मोठ्या ३५ एमएम सेन्सरच्या भाषेतला आहे, खरी फोकल लेंग्थ ५३९, सेन्सर नखाएवढा, आणि शेवटच्या टोकाला एफ/८ (हा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी). सकाळी ऊन स्वच्छ असेल आणि पक्षी बसलेला असेल तर पाण्यापलीकडच्या बदकाची चोच मोजून घ्या इतकं दिसतं, सव्वा-दीड किलोत सगळं आलं, लेन्स बदलायची भानगड नाही. बाबांसाठी एकदम बेस्ट. पण ढग आले, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) ८०० च्या वर गेला की पिसांचा लगदा होतो, आणि उडणारा पक्षी त्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये शोधेपर्यंत पक्षी डभोईला पोचलेला असतो. भिंतीवर लावायचं म्हणतेस तर मी तुला हा घे असं सांगणार नाही. पक्षी ओळखायचा, नोंद करायची, तेवढ्यासाठी एक नंबर.

मांडवीवाली
@कवड्या_खंड्या दादा हिशोब भारी दिलात, जरा निराशच झाले पण पटलं. मग मिररलेसचं काय? दुकानवाला म्हणतो डीएसएलआर आता संपलं, त्यात पैसे घालू नका.

सयाजीगंज_लेन्सवाले
दुकानवाल्याचं अर्धं खरं आहे. नवीन डीएसएलआर येत नाहीत, पण म्हणूनच सेकंडमध्ये एफ माउंटची लेन्स स्वस्त मिळते, तो तुमचा फायदा. कॅनन आर५० आणि आरएफ १००-४०० मिळून एक किलो आणि थोडं, बाबा आरामात धरतील, आणि पक्ष्याचा डोळा पकडून बसणारा ऑटोफोकस त्यात आहे जो डी५६०० मध्ये नाही. पण ४०० ला एफ/८. सिग्मा ६०० ला एफ/६.३ आहे, म्हणजे प्रकाश दीडपटीहून जास्त येतो आणि पोचही लांब, लहान सेन्सरमुळे निकॉनला १.५ आणि कॅननला १.६ चा क्रॉप (फुल फ्रेमशी तुलनेचा गुणक) धरला तरी ९०० विरुद्ध ६४०. उडते पक्षी जास्त काढायचे असतील तर कॅनन, पाण्यावर बसलेले असतील तर सिग्मा, मी तरी असंच सांगेन. कॅननची ती ६०० एफ/११ पण हलकी आहे, किलोभरही नाही, पण एफ/११ म्हणजे ६.३ च्या तिसरा हिस्सा प्रकाश, सकाळी सातला वढवाण्याच्या धुक्यात काय करणार त्याचं.

आता सेकंडमध्ये घेताना. डी५६०० मध्ये फोकस फाइन-ट्यूनचा मेन्यूच नाही. म्हणजे लेन्स जरा पुढे किंवा मागे फोकस करत असेल तर बॉडीतून काही करता येत नाही. त्यासाठी लेन्स कॉम्प्युटरला जोडून ट्यून करायचं उपकरण लागतं, सिग्माला यूएसबी डॉक, टॅमरॉनला टॅप-इन कन्सोल, ते विकणाऱ्याकडे आहे का विचारा, नसेल तर किंमत पाडा. स्वतःची बॉडी घेऊन जा. वर्तमानपत्र टेबलावर तिरकं ठेवून मधल्या एका ओळीवर ६०० ला, पूर्ण उघड्या अपर्चरला फोकस करा आणि स्क्रीनवर मोठं करून बघा कोणती ओळ शार्प आली. मग तेच लाइव्ह व्ह्यूने (व्ह्यूफाइंडरऐवजी स्क्रीनवर बघून) करा, दोन्हीत फरक दिसला तर समजा ट्यूनिंग लागणार. मागच्या बाजूने मोबाईलचा टॉर्च मारून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी नाही ना बघा, आपल्याकडे पावसाळ्यात कपाटात बंद ठेवलेल्या लेन्सला हमखास धरते. झूम रिंग फिरवताना कुठे अडकते का तेही. समोरचा फिल्टर ९५ एमएमचा आहे, महाग येतो, मुद्दाम घेऊ नका, हूड लावा.

रावपुरा_एक्सप्रेस
तोपर्यंत बाबांना ८ बाय ४२ ची दुर्बीण घेऊन द्या, सातशे ग्रॅमच्या आसपास, कॅमेरा तुमच्याच हातात राहील 😄

मांडवीवाली
हाहा हे खरंच करणारे. बरं सिग्मा घेतली समजा, तर ती हातात धरून चालते का? आणि दुपारी काढलेले माझे सगळे फोटो धुरकट का येतात, ३०० ला पण?

कवड्या_खंड्या
दुपारचं लेन्सच्या हातात नाहीच. पाणी आणि किनाऱ्याची जमीन वेगवेगळी तापते, मधली हवा थरथरत राहते आणि दीडशे मीटर त्या हवेतून बघायचं म्हटलं की कितीही महाग काच लावा, कडा वितळलेल्याच येणार. उलट जितकी लांब लेन्स तितकं ते जास्त दिसतं. सूर्योदयापासून साडेआठ-नऊपर्यंतच काय ते काम, नंतर बांधावर बसून नाश्ता. दुसरं म्हणजे पट्टकदंब रात्री-पहाटे शेतात चरतात आणि उजाडल्यावर पाण्यावर परततात, त्या वेळी डोक्यावरून जातात, तेव्हा अंतर १५० वरून चाळीसवर येतं. पाण्यात बसलेल्यांच्या मागे लागण्यापेक्षा त्यांची येण्याची वाट हेर. आणि तलाव बडोदा संस्थानाने १९१० मध्ये पाणीपुरवठ्यासाठी, शेतीसाठी बांधलेला आहे, पाणी सोडलं की पातळी उतरते आणि कडेचा चिखल उघडा पडतो. मग शेकाटे, तुतवार असले चिखलातले पक्षी आपणहून काठाजवळ येतात. एका जागी शांत बसलं तर तुझी ७०-३०० सुद्धा त्यांना पुरते. त्यांच्या मागे चिखलात उतरू नकोस फक्त, सगळा थवा उठतो आणि बाकीच्यांची सकाळ जाते. रविवारी असले नग दोन-तीन असतातच.

हातात धरण्याचं, बॉडी धरून अडीच किलो, दहा मिनिटं जमतं मग हात थरथरतो. मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) घे, चालताना काठीसारखा होतो, बाबांनाही उपयोगी. बसल्या जागी कापडी पिशवीत मूग भरून बांधावर ठेव नि त्यावर लेन्स टेकव. शटर बसलेल्याला १/८००, उडत्याला १/२०००, आयएसओ ऑटोवर वरची मर्यादा ३२००. फोकस मधल्या पॉइंटवर, एई-एल बटणाला एएफ-ऑन देऊन टाक, म्हणजे फोकस त्या बटणाने होईल.

गच्चीवरून_घारी
उडत्यांची प्रॅक्टिस वढवाण्यापर्यंत जाऊन कशाला, संध्याकाळी गच्चीवरून घारी आणि घरी परतणारे बगळे आहेतच. उत्तरायणचे, संक्रांतीच्या पतंगांचे दिवस सोडून हां, तेव्हा त्यांचं मांज्यातून कसं सुटेल तेच बघवत नाही.

मांडवीवाली
ठरलं, सिग्मा. एक मिळतेय डॉकसकट, आजच कळलं, शनिवारी वर्तमानपत्र घेऊन बघायला जाते. बाबांचा आग्रह की पेपर गुजराती न्यायचा का मराठी 😅

सयाजीगंज_लेन्सवाले
बारीक छपाईचा न्या, छोट्या जाहिरातींचं पान. आणि एक फोटो खिडकीबाहेर लांबच्या पाटीचा पण काढा, लेन्स जवळ बरोबर आणि लांब चुकीची असंही असतं, डॉकमध्ये दोन्ही अंतरांचं ट्यूनिंग वेगळं करता येतं.