पुरासाठी स्वयंसेवक तयार करताना दोन दिवसांत काय शिकवावं?

काठावरचा: नदीकाठच्या वस्तीतले २५ स्वयंसेवक आणि पाच स्थानिक पुढारी, असं दोन दिवसांचं प्रशिक्षण ठरतंय. बहुतेकांचा आग्रह आहे की पोहणं, दोर, बोट यांनाच सगळा वेळ द्यावा. पुढाऱ्यांना उद्घाटनापुरतं बोलवायचं की पूर्ण वेळ बसवायचं? इशारा नेमका कधी द्यायचा, हेही कुणी सांगत नाही.

मोजपट्टी: पहिला दिवस यादी आणि इशारा यांनाच द्या. दर स्वयंसेवकामागे १० ते १५ घरं. अंथरुणाला खिळलेलं कोण, गरोदर कोण, एकटं कोण राहतं, कुणाला ऐकू येत नाही, जनावरं किती, हे सगळं कागदावर आणि तीन जणांकडे. यादी एकाच्याच मोबाइलमध्ये राहिली की बॅटरीबरोबर तीही जाते.

इशाऱ्याची पातळी उलटं मोजत काढा. पाणी घरात कधी शिरतं ते सोडा, बाहेर पडायच्या रस्त्याचा सर्वांत सखल भाग कधी बुडतो ते पाहा. समजा, नदीतल्या मोजपट्टीच्या खांबावर पाणी ६ मीटरला आलं की तो बुडतो, पाणी ताशी २० सेंमी चढतं आणि वस्ती रिकामी व्हायला चार तास लागतात. म्हणजे ८० सेंमी आधी, ५.२० ला निघावंच लागेल. एक तास हाताशी ठेवला तर ५ मीटर. हा आकडा खांबावर लाल रंगाने रंगवा. रात्री लोक उठून आवरेपर्यंत जास्त वेळ जातो, म्हणून तो आकडा अंधार पडल्यावर गाठला जाईल असं दिसलं तर वाट न बघता उजेडातच हलवा.

दोरवाला: पोहता येणारा स्वयंसेवकच जास्त अडकतो, कारण तो आधी उडी मारतो. क्रम पाठ करून घ्या: आधी हाक, मग काठी, मग दोर, मग बोट. पाण्यात उतरणं प्रशिक्षित पथकाचं काम. वेगाचं पाणी घोट्याच्या जरा वर असलं तरी माणसाचा तोल जातो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, हे आकडा म्हणून नको, बादलीत फळी धरून दाखवा.

दोर १५ ते २० मीटर, पाण्यावर तरंगणारा पॉलिप्रॉपिलीनचा. वेटोळी करून ठेवला तर फेकताना गाठ बसते, म्हणून पिशवीत सुटा कोंबून भरायचा. पिशवी माणसाच्या डोक्यावरून पलीकडे जाईल अशी फेकायची, म्हणजे दोर त्याच्या हाताशी पडतो. दोर मनगटाला गुंडाळायचा नाही. वाचवणाऱ्याच्या कमरेलाही बांधायचा नाही, ताणला की प्रवाह त्यालाच खाली दाबतो. धरलेल्याला सरळ ओढू नका, तो झोका घेत आपोआप काठाला लागतो.

चावीवाला: पुढाऱ्यांना पूर्ण वेळ बसवाच. गोंधळ होतो तो ‘हुकूम कुणी द्यायचा’ इथेच. एक नाव आणि दोन बदली नावं लेखी ठरवा. पहिल्याचं घर स्वतःच पाण्यात असू शकतं. निवाऱ्याची चावी दोघांकडे. जागा माणशी साडेतीन चौरस मीटर धरा, म्हणजे १४० चौरस मीटरच्या सभागृहात ४० माणसं. शंभर कोंबली की दुसऱ्या दिवशी आजार. पाणी माणशी दिवसाला १५ लिटर, पिणं-स्वयंपाक-धुणं धरून.

काठावरचा: इशारा दिला आणि पाणी आलंच नाही तर? पुढच्या वेळी लोक हलणार नाहीत.

मोजपट्टी: म्हणून ‘पूर येणार’ असं म्हणूच नका. ‘पाणी ५ मीटरला आलंय, ठरल्याप्रमाणे निघतोय’ असं सांगा. आकडा खांबावर ज्याला त्याला दिसतो, मग खोटं पडायला काही उरत नाही.

चावीवाला: सरावाबद्दल एवढंच: ठरलेल्या नेत्याचा फोन बंद ठेवायला लावा आणि मुख्य रस्ता ‘बुडाला’ असं जाहीर करा. निवाऱ्याला कुलूप राहू द्या. चावी यायला किती मिनिटं लागली, ती घड्याळ लावून मोजा.