कॉन्फ्लिक्ट म्हणजे संघर्ष, मग कॉन्फ्रंटेशन म्हणजे काय?

घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीत पार्किंगवरून दोन घरांत दोन वर्षं धुसफूस चालू आहे. परवा रविवारी एकाने दुसऱ्याच्या गाडीपुढे उभं राहून "ही जागा कोणाची?" म्हणून विचारलंच. नोटीस लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. इंग्रजी मसुद्यात 'कॉन्फ्रंटेशन टाळा' असं होतं, मी लिहिलं 'सभासदांनी संघर्ष टाळावा'. लिफ्टपाशी कागद चिकटवत होते तेवढ्यात तळमजल्यावरचे काका म्हणाले, "अहो, संघर्ष तर कधीचा आहे. टाळायची आहे ती हमरीतुमरी!" पटलं, पण हमरीतुमरीही नेमकी बसत नाही. काय लिहावं?

*

काकांचं अर्धं बरोबर आहे. हमरीतुमरी, बाचाबाची, खडाजंगी हे सगळे आवाज चढल्यानंतरचे शब्द. कॉन्फ्रंटेशन शांत आवाजातही होतं. त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं कपाळ आहे, म्हणजे तोंडासमोर तोंड. आपला संघर्ष 'घृष्' धातूचा, घर्षणाचा सख्खा भाऊ. घासाघीस वर्षानुवर्षं चालते, एकमेकांचं तोंडही न बघता.

ठाण्यातलंच बघा. येऊरच्या जंगलाला वस्ती खेटली आहे, म्हणून बातम्यांत 'मानव-बिबट्या संघर्ष' येतो. तो बारा महिने आहे, पण बिबट्या होता होईल तो माणसाला टाळतो, त्यामुळे गाठ क्वचितच पडते. फेब्रुवारी २०१९ मध्ये एक बिबट्या कोरम मॉलच्या सीसीटीव्हीत दिसला आणि पुढे जवळच्या हॉटेलच्या तळघरात भूल देऊन पकडावा लागला. त्या दिवशी गाठ पडली. संघर्ष त्याआधी होता, नंतरही राहिला.

आता मराठीची गंमत. नुसत्या कॉन्फ्लिक्टला आपल्याकडे नामांची रेलचेल आहे. अढी एकाच्याच मनात बसते, तेढ दोन गटांत, वितुष्ट नात्यात, बेबनाव कालपर्यंत एकत्र असलेल्यांत. कॉन्फ्रंटेशन मात्र आपण क्रियापदांनीच भागवतो. हटकणं, तोंडावर सांगणं, आडवं जाणं, जाब विचारणं. यातलं 'जाब विचारणं' मला सर्वात जवळचं वाटतं. जाब म्हणजे झिजलेला 'जवाब'. विचारणाऱ्याला वाटतं की उत्तर मागायचा आपला हक्क आहे, आणि गाडीपुढे उभ्या राहिलेल्या तुमच्या सभासदाला नेमकं तेच वाटत असणार.

'सामना' चालला असता, पण तो क्रिकेटने पळवला. 'सामोरं जाणं' तर नकोच. पूर्वी पाहुण्यालाही सामोरं जात.

*

एक शंका. 'कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट'ला वर्तमानपत्रं 'हितसंबंधांचा संघर्ष' म्हणतात. आमच्या कमिटीवरच्या एकाने रंगकामाचं कंत्राट मेव्हण्याला दिलं. दोघांचं इतकं गुळपीठ आहे की संघर्ष शोधूनही सापडत नाही!

*

(वरच्यांना) तिथे संघर्ष त्या एकाच माणसाच्या दोन टोप्यांमध्ये, कमिटीची एक आणि घरची एक. मेव्हण्याशी कशाला असेल?

*

सगळ्यांचे आभार. नवी नोटीस अशी लावली: 'पार्किंगबाबत कोणीही परस्पर जाब विचारू नये. तक्रार कमिटीकडे लेखी द्यावी.' काकांनी चष्मा लावून दोनदा वाचली. मग तिथेच, लिफ्टचं दार पायाने अडवून मला विचारलं, "बरं, मार्चमध्ये लेखी दिली होती. तिचं काय झालं?"