मदत हवी आहे: गच्चीवरून वर फेकलेला चेंडू आणि वर्गमुळाखालचे उणे ७

नमस्कार मंडळी. लेक अकरावी सायन्सला आहे. मी कॉमर्सवाला, फिजिक्स दहावीलाच सुटलं. काल एका गणितापायी दोघंही साडेअकरापर्यंत जागे.

गणित: २० मीटर उंच इमारतीच्या गच्चीवरून चेंडू सरळ वर फेकला, सुरुवातीचा वेग सेकंदाला १५ मीटर. जमिनीवर किती सेकंदांनी पडेल? गुरुत्व त्वरण १० धरा, हवेचा विरोध सोडून द्या.

तुकडे पाडले की जमतं. वर जायला १.५ सेकंद, तेवढ्यात ११.२५ मीटर चढतो. मग ३१.२५ मीटरवरून खाली यायला २.५. एकूण ४, पुस्तकामागे तेच आहे. पण सरांना एकाच समीकरणात हवंय. वरची दिशा धन, त्वरण उणे १०, विस्थापन २० (वेळेला ट म्हणतो):

२० = १५ट − ५ट²

वर्गमुळाखाली उणे ७! तीनदा केलं. वैतागून त्वरण अधिक धरलं तर ट = १ आलं. तेही कसं शक्य आहे, दीड सेकंद तर चेंडू नुसता वरच जातोय. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १:
त्वरणाचं चिन्ह बरोबर आहे, त्याला हात लावू नका. घोळ २० मध्ये आहे. विस्थापन म्हणजे शेवटची जागा वजा सुरुवातीची. चेंडू हातातून सुटला ती गच्ची शून्य, जमीन तिच्याखाली, म्हणून उणे २०. मग ट² − ३ट − ४ = ० आणि ट = ४ किंवा उणे १.

तुम्ही नकळत विचारलंत, चेंडू गच्चीच्या २० मीटर वर कधी पोचेल? तो ११.२५ च्या वर जातच नाही, मग वर्गमूळ तरी कुठून येणार! आणि ते १ सेकंद म्हणजे त्याच वेगाने सरळ खाली फेकला असता तर लागलेला वेळ.

धागाकर्ता:
हात्तिच्या! आत्ता करून पाहिलं, आलं. उणे १ मात्र लेक म्हणते टाकून द्यायचा असतो.

प्रतिसाद २:
टाका, पण एकदा बघून टाका. तुमच्या फेकीच्या १ सेकंद आधी कुणी जमिनीवरून सेकंदाला २५ मीटर वेगाने चेंडू वर उडवला असता, तर तो गच्चीपाशी बरोबर १५ ने पोचला असता. तुमचा चेंडू जमिनीवर आदळतो तोही २५ नेच.