‘ॲलर्जीचं इंजेक्शन’ म्हणजे नेमकं कोणतं?

प्रश्न : ॲनाफिलॅक्सिसवरच्या, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीवरच्या, माहितीपत्रकाचा मराठी मजकूर लिहिते आहे. ‘दवाखान्यात ताबडतोब ॲलर्जीचं इंजेक्शन द्यावं’ असं वाक्य चालेल ना? आणि ॲनाफिलॅक्सिसला मराठीत काय म्हणावं?

उत्तर : ते वाक्य कृपा करून काढाच. ‘ॲलर्जीचं इंजेक्शन’ म्हटलं की कुणी अँटिहिस्टामिन समजतं, कुणी स्टिरॉइड. अँटिहिस्टामिनने खाज आणि गांधी कमी होतात, पण आवळत चाललेला घसा मोकळा होत नाही आणि घसरलेलं ब्लडप्रेशर वर येत नाही. स्टिरॉइडचा गुण यायला काही तास लागतात. जीव वाचवतं ते ॲड्रेनॅलिन, तेव्हा त्याचं नावच लिहा. कुठे द्यायचं तेही लिहा : मांडीच्या मध्यावर, बाहेरच्या बाजूला, स्नायूत. प्रौढांना ०.५ मिलिग्रॅम; मुलांना वजनाच्या दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम, पण ०.५ च्या वर नाही. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर पुन्हा. औषध किती पातळ केलंय ते सांगणारी ‘एकास हजार’ ही भाषा टाळा. ‘एकास दहा हजार’ही असतं आणि घाईत गल्लत होते. मिलिग्रॅममध्ये लिहिलं की संशयाला जागा राहत नाही.

मराठी शब्दाचं म्हणाल तर ‘तीव्रग्राहिता’ आहे, पण तो वाचून कुणी धावत सुटणार नाही. शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी १९०२ साली मूळ शब्द घडवला. समुद्रफुलाचं (सी ॲनिमोन या सागरी प्राण्याचं) विष कुत्र्यांना पचनी पडावं म्हणून ते थोडं थोडं टोचत होते; झालं उलटंच, नंतरच्या लहानशा मात्रेने कुत्री दगावली. ‘फिलॅक्सिस’ म्हणजे रक्षण, हे त्याच्या उलट. पत्रकात ‘ॲनाफिलॅक्सिस (जिवावर बेतणारी ॲलर्जी)’ असं लिहा, सगळ्यांना कळेल.

प्रश्न : ‘वावडं’ का नको? अस्सल मराठी आहे.

उत्तर : आहे, आणि मला आवडतोही. पण शिस्तीचंही वावडं असतं! नावड आणि धोका दोन्ही त्यात मावतात, इथे ते परवडणार नाही. ‘पित्त उठलं’चीही तीच गत : ऐकणारा निवांत होतो. अंगावर गांधी आणि जोडीला धाप, घरघर, आवाज बसणं किंवा डोळ्यांपुढे अंधारी, असं सलग लिहा. कधी कधी गांधी उठतच नाहीत, हेही सांगा.

प्रश्न : मग ‘ॲलर्जिक शॉक’?

उत्तर : नको. शॉकची वाट पाहत बसलं तर उशीर झालेला असतो. श्वास आधी अडकू शकतो. रुग्णाला आडवं झोपवून पाय उंच ठेवायचे, धाप असेल तर बसतं ठेवायचं, पण एकदम उभं करायचं नाही. ‘चालत गाडीपर्यंत न्या’ असं पत्रकात चुकूनही येऊ देऊ नका.

आणखी एक जागा जपा. घरी सोडताना कागदावर ‘औषधाची ॲलर्जी’ एवढंच लिहिलेलं असतं. कोणतं औषध, घेतल्यावर किती मिनिटांनी, काय काय झालं, एवढं लिहायला रकाना ठेवा. पुढच्या डॉक्टरला ‘रिॲक्शन आली होती’ या तीन शब्दांवरून काहीच ठरवता येत नाही.