मिल्क बँकेत दूध द्यायचंय, पण तारीख न लिहिलेल्या पिशव्यांचं काय करू?

बाळ अडीच महिन्यांचं आहे. अंगावर पितं, वजन छान वाढतंय. तरी पहाटेचं पाजून झाल्यावर पंप लावला की १०० मिली सहज निघतं. फ्रीजरमध्ये ३१ पिशव्या झाल्यात, बर्फाचा ट्रे केव्हाच बाहेर आलाय.

आमचं बाळ ३४व्या आठवड्यात झालं. पहिले तीन दिवस मला दूधच उतरेना. तासभर पंप करून बाटलीच्या तळाला जे पिवळे थेंब चिकटायचे, ते सिस्टर सिरिंजने ओढून घ्यायच्या. बाकीची भूक दुसऱ्या कुणा आईने मिल्क बँकेत दान केलेल्या दुधावर भागली. शेजारच्या पेटीतलं बाळ तर किलोभराचंही नव्हतं. त्याला नळीतून दर दोन तासांनी २ मिली. माझ्या एका पिशवीत त्याचे चार दिवस निघाले असते.

दात्या आईचं रक्त एचआयव्ही, हिपॅटायटिस बी-सी आणि सिफिलिससाठी तपासतात, हे माहीत आहे. दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं ठेवून पाश्चराइझ करतात. त्यात काही चांगले घटक कमी होतात, तरी पावडरच्या दुधापेक्षा या दुधावर अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आतड्यांचा एनईसी हा गंभीर आजार कमी होतो.

आता अडचण. सुरुवातीच्या आठ पिशव्यांवर मी तारीखच लिहिली नाही (झोपेचं खोबरं झालेलं, दुसरं काय). शिवाय एका रात्री फ्रीजरचं दार नीट लागलं नव्हतं. सकाळी वरच्या चार पिशव्यांच्या कडा मऊ लागल्या, मग त्या पुन्हा गोठल्या. नवरा म्हणतो, "तापवल्यावर जंतू मरतातच, देऊन टाक." मला पटत नाही. सगळेच जंतू तापवून मरत नाहीत, आणि पिणारं बाळ एवढंसं.

या बारा पिशव्या बाजूला काढून बाकीच्या दिल्या तर घेतील, की घरी साठवलेलं नकोच म्हणतात? मी थायरॉइडची गोळी रोज घेते, ती आड येते का? दूध दिलेल्या किंवा मिल्क बँकेत काम करणाऱ्या कुणी सांगाल का?

ओळखीतल्या कुणाच्या बाळाला परस्पर दे, असं मात्र सुचवू नका. तपासणी न करता मी कुणालाही देणार नाही.